गाडीत दोष निघू दे

माझ्या जिभेला हाड नाही, हे डिचोलीत कुणालाही विचारा. गाडी गॅरेजवर आली की मी आधी मालकाला शिव्या घालतो, मग बॉनेट उघडतो. गिऱ्हाईक तरीही येतं. कारण कृष्णनाथ मिस्त्री गाडीत नसलेला दोष कधी काढत नाही. आयुष्यात एवढं एकच नाव कमावलं मी.

त्या दिवशी सकाळी शेवंती आली. माझा दोस्त बाबली, त्याची बायको. सर्वणहून चालतच आली असावी, पाय लाल मातीने भरलेले. हातात पोदेराच्या भट्टीतल्या उंडे-पावांची पिशवी होती, पण चेहरा काही बाजाराला निघालेल्या बाईचा नव्हता.

"भावजी, आज दुपारी ते ट्रक घेवन तुमच्याकडे येतले. स्टेअरिंग ढिलां लागता म्हणतत." मग आवाज उतरवून म्हणाली, "सातेरी देवीक नारळ बोललंय मी. गाडीत दोष निघू दे म्हणान."

मला हसू फुटलं. "वहिनी, डोकं ठिकाणावर आहे ना? लोक गाडी धड निघावी म्हणून नारळ बोलतात!"

ती हसली नाही. "निघू दे भावजी. कायतरी निघू दे," एवढंच म्हणाली आणि गेली. मी मनात म्हटलं, हिला गाडीतलं काय कळतंय. गाढव मी, दुसरं काय.

बाबली म्हणजे खाणीवरचा जुना ड्रायव्हर. ट्रक स्वतःचा, गोवा राज्य झालं त्या साली घेतलेला. त्याच्या आधी भाषेच्या चळवळीत आम्ही दोघे दोन बाजूंना. तो कोकणीच्या मोर्चाला माणसं भरून न्यायचा, मी मराठीच्या. कित्येक महिने एकमेकांचं तोंड बघितलं नाही. पण नवा ट्रक आला तेव्हा चाकाखाली लिंबू ठेवायला त्याने बोलावलं ते मलाच. "तुझी भास कायव आसू दे, तुझो हात बरो," म्हणाला होता. हात म्हणाल तर खरा त्याचा. भरलेला ट्रक अरुंद पुलावरून मागे घ्यायचा तो, एका हाताने विडी ओढत. आणि संध्याकाळी घरी जाताना सातेरीच्या वळणावर एक लांबलचक हॉर्न द्यायचा. देवीला नमस्कार आणि बायकोला निरोप. हॉर्न ऐकला की शेवंती चहा टाकायची.

दुपारी तो आला. ट्रक लावताना पुढचं चाक माझ्या गटाराच्या दगडावर चढवलं. मी ओरडलो, "आंधळा झालास काय रे?"

"सांगतंय काय मग? स्टेअरिंगात दम नाय. हातात थरथरता."

इंजीन बंद केलं. पुढचा ॲक्सल जॅकवर उचलला, चाकं जमिनीपासून मोकळी केली आणि मी खाली शिरलो. बाबली वर सीटवर. मी सांगेन तसं त्याने स्टेअरिंग डावी-उजवीकडे हलवायचं, मी खालून एकेक जोड चाचपायचा. जिथं ढिलं असेल तिथं बोटाला टकटक लागते. डोळे फसतात, बोट फसत नाही.

बघतो तर जोड सगळे नवेकोरे!

"हे कुणी बदलले रे?"

तो वर खाकरला. मग हळूच, "म्हापशाक."

"म्हापशाला? आणि माझं गॅरेज काय म्हशी बांधायला आहे?"

"तू नव्हतंस खंयतरी."

"मी कधी नव्हतो? मेल्या, मी सासऱ्याच्या बाराव्यालासुद्धा गॅरेज उघडं ठेवलं होतं!" माझं डोकं तापलं. पहार लावून चाकं वरखाली उचलून बघितली, किंगपिन घट्ट. सगळे जोड घट्ट. स्टेअरिंगचा बॉक्स घट्ट, त्याचे बोल्ट घट्ट. स्टेअरिंगात थोडा खेळ असतो तेवढा होता, त्याहून रतीभर जास्त नाही. मी खालूनच ओरडलो, "गाडी एकदम ठणठणीत आहे! नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय!"

तो मोठ्याने हसला. जरा जास्तच मोठ्याने.

शेवटचं एक बघायचं राहिलं होतं. स्टेअरिंगचा दांडा वरून येऊन बॉक्समध्ये शिरतो, तिथं मी मूठ आवळली. "आता नुसतं धर. हलवू नको."

दांडा माझ्या मुठीत थरथरत होता. बारीक, सारखा, न थांबता. इंजीन बंद. रस्त्यावरून कुठली गाडीही जात नव्हती.

"हात थांबव रे!"

"थांबवलेलोच आसा मरे."

"थांबव म्हटलं ना!"

"थांबवलेलोच आसा."

तेव्हा मला कळलं. शेवंतीचा नारळ कशाला होता तेही कळलं आणि आपण आत्ता काय बोलून बसलो तेही. जीभ हासडून टाकावी असं वाटलं.

बाहेर येऊन केबिनमध्ये बघितलं. दोन्ही मुठी स्टेअरिंगवर घट्ट, बोटांचे सांधे पांढरे पडलेले, आणि उजवा अंगठा आपला एकटाच उडतोय. मला बघताच त्याने तो हात मांडीखाली दाबून धरला.

"काय गावला?"

"काही नाही."

"परत बघ."

मी परत खाली शिरलो. बघायचं काही उरलं नव्हतं. त्याच्यासमोर उभं राहवेना, म्हणून शिरलो. उताणा पडून त्या काळ्या लोखंडाकडे बघत रडलो, खोटं कशाला सांगू. एक बोल्ट सैल करून परत आवळायचा आणि 'सापडलं रे' म्हणायचं, की झालं. बाबली खूश, शेवंती खूश. मग उद्या सकाळी तो खनिज भरून उतारावरून नदीवरच्या धक्क्याकडे निघणार. त्याच रस्त्याने शाळेची पोरं चालतात.

बाहेर आलो, हात पुसले आणि म्हटलं, "बाबली, गाडीत काही नाही रे."

तो समोरच्या काचेतून बाहेर बघत राहिला.

"काल उतारावर एका सायकलवाल्याचो शर्ट आरशाक लागलो," म्हणाला. "वाचलो तो. मी गाडी बाजूक घेतलंय आणि थंयच बसान रवलंय." मग थांबून म्हणाला, "शर्टाची बटणां शेवंती लावता माझी."

"डॉक्टरला दाखवलंस?"

"दाखवलंय. तेणी सांगल्यान, दोष हातात आसा म्हणान. माका पटला नाय. म्हापशाचो मिस्त्री कायव सांगता, पार्ट विकूक. म्हटलां, कृष्णनाथ खोटां सांगूचो नाय. तेणी गाडीत कायतरी काढल्यान तर डॉक्टर खोटो."

एवढं बोलून तो सरकत सरकत क्लीनरच्या बाजूला गेला. किल्ली लावलेलीच होती. मी जॅक काढला, वर चढलो आणि ट्रक सर्वणच्या रस्त्याला घातला. ट्रक असा सरळ चालला होता की मला त्याचाच राग आला.

सातेरीचं वळण आलं. मी हॉर्नकडे हात नेला, तर तो म्हणाला, "रव. तो मी मारतंय."

वाकून त्याने हात लांब केला आणि बटणावर टेकवला. हॉर्न वाजला, पण लांब नाही. तुटत तुटत वाजला, दाबलं-सुटलं, दाबलं-सुटलं. त्याने दुसऱ्या हाताने मनगट धरलं, तरी तसाच. देवळाच्या पायरीवर बसलेली माणसं मान वळवून बघू लागली.

शेवंती घरापुढच्या खळ्यात उभी होती, हातात चहाचा कोप. ड्रायव्हरच्या जागी मी दिसलो तरी ती माझ्याकडेच आली.

"गावला काय, भावजी?"

"गाडी अगदी बरी आहे, वहिनी."

हे वाक्य ऐकून माझ्या गॅरेजवरून आजवर प्रत्येक माणूस हसत गेला आहे. शेवंतीने कोप तुळशीच्या कट्ट्यावर ठेवला आणि पदर तोंडात कोंबून ती तिथंच खाली बसली.

बाबली अजून वरच होता. त्या बाजूचं दार त्याला उघडत नव्हतं. मी वळसा घालून गेलो आणि बाहेरून उघडलं.