बरकतीचं कातडं

बेंबळीच्या रस्त्यावरच्या गोदामात साठ गाठी होत्या. बाहेर कातडी कमवायचे, तरवडाच्या सालीचे आठ हौद, कामाला अकरा माणसं, आणि रसायनशास्त्र शिकून नुकताच लागलेला मी. माल दादामियाँचा, कमावलेली शेळीची कातडी. वीस वर्षं हा माल लंडनला जायचा. तिकडची मागणी आटली आणि १९६२ साली पहिल्यांदाच तो जपानमधल्या कोबेला निघाला होता.

करार दोन पानांचा. प्रत्येक गाठीत वीस कातडी, ओलावा चौदा टक्क्यांच्या आत. ही खेप नापास झाली तर जपानी गिऱ्हाईक पुढं फक्त कच्ची, मीठ लावलेली कातडी घेणार. कमवायचं काम कोबेतली यंत्रं करतील. म्हणजे आठही हौद बंद.

गाठी बांधण्याआधी मी ओलावा मोजला होता. तेरा टक्के. शनिवारी मुंबईच्या दलालाचा माणूस शंकरप्पा आला. त्यानं एक गाठ उसवून कातडी मोजली. मग पुन्हा मोजली.

"एकवीस?"

"वीसच की," दादामियाँ म्हणाले. "वरचं एक बरकतीचं. ते मोजत न्हाईत."

"चचा, जपानी माणूस बरकत घेत न्हाय. वीस म्हंजे वीस."

"जादा दिलं म्हणून रुसणारं गिऱ्हाईक म्या पैल्यांदाच बघतोय."

"तुमच्या बी.एस्सी.नं कागद वाचला न्हाय का?"

कागद मी वाचला होता. कातडी मात्र स्वतः मोजली नव्हती. माणसांनी 'वीस' सांगितलं, मी वीस लिहिलं.

साठही गाठी उसवायच्या ठरल्या. दादामियाँची बायको लालबी दाभण शोधत म्हणाली, "शिवताना हात सोलले, आता उसवताना सोला. उद्या म्हणतील, शेळ्याबी एकाच मापाच्या व्याव्या."

रविवारी दिवसभर भुरभुर होती. कातडी गोदामात मोकळी पडली होती.

"ही हवेतलं पाणी ओढतील," मी म्हणालो. "दोन कोरडे दिवस थांबू या."

"ट्रक मंगळवारी हाय, मास्तर," दादामियाँ म्हणाले. "बोट थांबती व्हय?"

सोमवारी दुपारी शेवटची गाठ शिवून झाली. गाठी उघडल्या होत्या, म्हणून शंकरप्पानं ओलाव्याचा नवा दाखला मागितला. मी तीन गाठींतून तीन तुकडे कापले, तोलले, शंभर अंशांवर पाच तास वाळवले आणि पुन्हा तोलले. दादामियाँ दारातच उभे होते.

"किती?"

मी वहीतले आकडे वाचले. साडेसोळा, सतरा, सतरा. सरासरी सोळा पूर्णांक त्र्याऐंशी शतांश टक्के. करारातली हद्द चौदाची; ती ओलांडली म्हणजे आठही हौद बंद.