चोरसुद्धा हात लावणार नाही

किल्लीचे दात इतके झिजले होते की बोट फिरवलं तर नुसता एक गुळगुळीत बाक लागावा… या किल्लीनं आता काहीच सुरू होणार नव्हतं, तरी म्हातारीची मूठ सुटत नव्हती. दारासमोरच्या फरशीवर तळहाताएवढा तेलाचा काळा डाग. डाग जागेवर होता, फटफटी नव्हती.

आज दुपारी फटफटी न्यायला भंगारवाला यायचा होता. लेकानं ठरवलं होतं आणि म्हातारीनं ‘ने बाबा’ म्हणून टाकलं होतं. गुडघ्याला किक झेपत नाही, खोटं कशाला बोला… पण म्हटल्यापासून घास उतरत नव्हता. “रस्त्यावर उघडी ठेवलीस ना आई, तरी चोरसुद्धा हात लावणार नाही,” असं लेक चारचौघांत बोलला, सून ओठ दाबून हसली, आणि ते बोलणं तापल्या इस्त्रीसारखं काळजावर बसलं होतं. बोलणं गाडीचं, पण रोख कुणावर, हे न कळायला ती काही दुधखुळी नव्हती. इस्त्रीचं दुकान बंद कर, कोपऱ्यात बस, हातपाय हलवू नकोस — जुनं झालेलं सगळं घराबाहेर काढायची भारी घाई या पोराला!

आणि चोरानं हात लावला. चांगला दोन्ही हात लावून घेऊन गेला!

सकाळी डाग पाहिला तेव्हा तिनं आधी गल्लीच्या दोन्ही टोकांना पाहिलं होतं. नंतर, चहाचा कप तोंडाशी नेताना, आतून काहीतरी वर येऊ लागलं — रडू असेल म्हणून ती थांबली, तर ते हसू निघालं.

“मी पाहिलं ना मावशी,” समोरचा शिंपी गळ्यातली टेप सावरत सांगत आला. “मला वाटलं, भंगारवाल्याचा माणूस पहाटेच आला. आला, वाकून टाकीखाली काहीतरी फिरवलं, आणि नुसता उभा राहिला.”

“उभा राहिला?”

“उगाचच हो! मग एक किक मारली आणि फट् फट् फट्…”

“एकच?”

“एकच.”

तिनं सावकाश मान वळवून लेकाकडे पाहिलं. लेकानं मोबाइलमध्ये डोकं घातलं.

एकच… कुलपाचं सोडा, झिजलेलं ते, खिळ्यानंही फिरतं; पण किक… मी घसा फोडून सांगत नव्हते? टाकीखालचा पेट्रोलचा कॉक उघडायचा आणि थांबायचं. पेट्रोल आपल्या पायांनी खाली उतरतं, त्याला कुणी ढकलायला लागत नाही. नवरा अंथरुणाला खिळला तेव्हा खिडकीतून ओरडून त्यानं शिकवलेलं — “थांब गं, तिला श्वास घेऊ दे!” — आणि पदर खोचून, मागे कपड्यांची गाठोडी बांधून ती निघाली तेव्हा गल्ली आधी फिदीफिदी हसली, मग बाजूला सरली, मग तिला फटफटीवाली म्हणू लागली. त्याच गाठोड्यांवर वाढलेला हा लेक. पण याला थांबणं कधी जमलं नाही. घामाघूम होईतो किक मारायची आणि शेवटी गाडीलाच लाथ. चोराला जमलं. मेला कोण, कुठला… पण थांबला.

दुपारी टेम्पो दाराशी लागला.

“माल कुठाय, आजी?”

“माल नाही. चोरीला गेली,” ती म्हणाली — मुलगी चांगल्या घरी पडली हे सांगावं, तशा तोऱ्यात.

“आई, हसतेस काय? पोलिसांत जाऊ. पेट्रोल संपलं की देईल कुठंतरी टाकून, मिळेल.”

“आणि मिळाली की?”

“की काय… देऊ यांनाच.”

“मग जा की. सांग साहेबाला, जिला चोरसुद्धा हात लावणार नव्हता, ती चोरानं नेली. बघ कोणाला हसतात.”

भंगारवाला हसला, शिंपी हसला, आणि सुनेनं यावेळी ओठ दाबले नाहीत. लेक चपला घालून उंबऱ्यात उभा राहिला. गेलाही नाही, परतलाही नाही.

ती इस्त्रीच्या टेबलाशी आली. शर्टावर पाणी शिंपडलं, कॉलर ओढून सरळ केली. चेन ढिली आहे रे मेल्या, ताणून घे… उतारावर ब्रेकवर विसंबू नकोस… लांबच्या रस्त्यावर कुठलीशी गाडी वाजत होती. तिची असेल, नसेल. किल्ली कमरेला खोचून तिनं गरम इस्त्री उचलली, पण कापडाला टेकवली नाही. गुडघा दुखत होता, दुखू दे… आत कुठंतरी, वरून खाली, काहीतरी आपल्या पायांनी उतरत होतं, आणि ती नुसती उभी राहिली — त्याला जेवढा वेळ लागतो तेवढा देत.