निळ्या प्रकाशाची पंधरा मिनिटं

रंजिता राठोडच्या पार्लरमध्ये मागच्या दिवाळीनंतर लाइटचं मशीन आलं. आर्णीत तोवर तसं मशीन कुणाकडे नव्हतं. तीन घड्यांचा पांढरा पट्टा, आतल्या बाजूने शेकडो बारीक दिवे. एका बटनावर लाल प्रकाश, दुसऱ्यावर निळा. बाई खाटेवर निजली की मशीन तिच्या चेहऱ्यावर कमानीसारखं वाकवायचं, डोळ्यांवर काळा चष्मा लावायचा आणि पंधरा-वीस मिनिटं तिला तशीच पडू द्यायची. नागपूरला त्याचं दोन दिवसांचं शिक्षण झालं होतं. लाल प्रकाशाने त्वचेची सूज आणि आग कमी होते, निळ्याने पुटकुळ्या बसतात, असं शिकवणाऱ्या मॅडमने सांगितलं होतं. शिवाय हा नुसता प्रकाश आहे, यात औषध नाही, तेव्हा अपाय व्हायचा प्रश्नच नाही, असंही सांगितलं होतं. रंजिताने ते वहीत लिहून घेतलं.

ती दिग्रस रस्त्यावरच्या एका बंजारा तांड्यातली. वय छत्तीस. नवरा राजकुमार, त्याची प्रवासी जीप. पार्लर तिने स्वतःच्या हिमतीवर उभं केलं होतं आणि शिकायची तिला कायम घाई असायची. मशीनचा गुणही दिसला होता. कॉलेजातल्या दोन पोरींच्या पुटकुळ्या महिनाभरात बसल्या, तहसीलमधल्या एका बाईंच्या गालांची जुनी लाली उतरली. लोक विचारत येऊ लागले.

फेब्रुवारीत सलोनी आली.

सलोनी बावीस वर्षांची, आर्णीपासून सहा किलोमीटरवरच्या गावातली. घरी कापूस आणि तुरीचं शेत, वडील नानाजी, आई मैनाबाई. सलोनी पोलीस भरतीची तयारी करत होती. रोज सकाळी आणि पुन्हा दुपारी चार वाजता शाळेच्या मैदानावर धावायची, गोळा फेकायची. आठशे मीटरला तिचा वेळ त्या मैदानावरच्या सगळ्या मुलींत चांगला होता. डिसेंबरपासून मात्र तिच्या दोन्ही गालांवर लाल चट्टा उठला होता. तो नाकाच्या दांड्यावरून एका गालातून दुसऱ्या गालात गेला होता. हनुवटीवर चार-दोन पुटकुळ्याही होत्या.

“ऊन लागलं हाय, ताई,” ती म्हणाली. “मैदानावर पोरी मले लाल माकड म्हणतात. मी काही मनावर घेत नाई. पण आता फोटो काढा लागते फॉर्मसाठी.”

“किती दिवस झाले?”

“दोन महिने. आईनं कोरफड लावली, हळद लावली, दुकानातून एक ट्यूब आणली. आग होते नुसती.”

रंजिताने जवळून पाहिलं. अशी लाली तिने त्या तहसीलच्या बाईंच्या चेहऱ्यावर पाहिली होती, किंवा तिला तसं वाटलं. दुसरं काही दुखतं का, हे तिने विचारलं नाही. नागपूरला विचारायला शिकवलंच नव्हतं. तिने लाल प्रकाश लावला आणि आठवड्यातून दोनदा यायला सांगितलं.

पहिल्या तीन वेळांनंतर लाली थोडी फिकी झाल्यासारखी दिसली. त्याच आठवड्यात पाय मुरगळल्यामुळे सलोनी मैदानावर गेली नव्हती, ही गोष्ट दोघींपैकी कुणाच्याच लक्षात आली नाही. दोघी खूश होत्या. चौथ्या वेळी सलोनी म्हणाली, “आता या पुटकुळ्यांचं पाहा ना, ताई.” रंजिताने निळं बटन दाबलं आणि पंधरा मिनिटं लावली. त्या दिवसापासून सलोनी पुन्हा धावायलाही जाऊ लागली.

तिसऱ्या दिवशी दुपारी मैनाबाई पार्लरमध्ये आली. तेव्हा आत तीन बायका होत्या. मैनाबाईने चपला काढल्या नाहीत. ती तशीच खाटेपाशी येऊन उभी राहिली.

“तुमीच का त्या लाइटवाल्या?”

“हो. काय झालं, काकू?”

“मले काय विचारता? पोरीचं तोंड पाहा जाऊन! होतं त्याच्या दुप्पट लाल झालं. कपाळावर आलं, गळ्यावर आलं. काल रातीपासून ताप हाय. बोटं सुजली. कायचा लाइट लावला तुमी तिले?”

“तोच लावला, सगळ्यांले लावते तोच. त्यानं ताप येत नाई, काकू.”

“मंग तापलं काहून ते?”

रंजिता म्हणाली, “मैदानावर गेली असन उन्हात.” हे खरंही होतं. पण बोलताना तिला स्वतःलाच ते पळवाटेसारखं वाटलं. मैनाबाई बाकीच्या बायकांकडे वळून म्हणाली, “पाहून घ्या बाप्पा, आन मंगच निजा या खाटेवर.” आणि निघून गेली. थ्रेडिंगसाठी बसलेली एक बाई काही काम आठवल्याचं सांगून उठली.

त्या दुपारी रंजिताने मशीनचं खोकं कपाटावरून खाली काढलं. आत माहितीपुस्तक होतं. ते इंग्रजीत होतं आणि तिने एकदाही उघडलं नव्हतं. तिने एकेका पानावर फोन धरला आणि फोनने केलेलं मोडकंतोडकं मराठी वाचत गेली. अकराव्या पानावर, बारीक अक्षरांत, कुणावर वापरू नये याची यादी होती. गरोदर बायका. मिरगीचे रुग्ण. काही विशिष्ट औषधं घेणारे. आणि ‘प्रकाशाने वाढणारे आजार, उदाहरणार्थ ल्यूपस.’

ल्यूपस काय ते तिला माहीत नव्हतं. तिने फोनवर तो शब्द टाकला. चित्रं आली. गोऱ्या बायका, सावळ्या बायका, आणि प्रत्येकीच्या दोन गालांवर, नाकाच्या दांड्यावरून गेलेला तोच चट्टा. खाली लिहिलं होतं: सांधेदुखी, ताप, थकवा, तोंडात फोड.

राजकुमार जेवायला आला तेव्हा ती फोन हातात धरून बसलेली होती.

“कांई वेगो?” त्याने त्यांच्या बोलीत विचारलं. काय झालं?

तिने सगळं सांगितलं. राजकुमारने हात धुतले, पुसले, आणि मग म्हणाला, “हे पाहा, तू काही डॉक्टर नाही. ऊन लागलं असंल, दोन दिवसांत बसंल. आता तू त्यांच्या घरी जाऊन सांगितलं की माझ्या मशीननं झालं, तर उद्या सगळी आर्णी तेच म्हणंल. गप राह्य.”

“मशीननं झालं असं नाही म्हणत मी.”

“ते असंच ऐकतील.”

तो म्हणत होता त्यात चुकीचं काही नव्हतं. रंजिताने त्याला वाढलं. तो जेवून उठल्यावर तिने ताट उचललं. मग म्हणाली, “गाडीची चाबी दे, नाहीतर तू चल.”

तो तिच्याबरोबर निघाला.

सलोनीचं घर गावाच्या सुरुवातीलाच होतं. मैनाबाई अंगणात तूर पाखडत होती. जीपमधून रंजिता उतरलेली पाहून तिने सूप खाली ठेवलं.

“आता कायले आली?”

“काकू, मले सलोनीले दोन गोष्टी विचारायच्या हायेत. मंग तुमी हाकला.”

“काही विचारू नोको. विचारायचं ते आंधी विचारायचं होतं.”

“हो,” रंजिता म्हणाली. “आंधी विचारायचं होतं. नाई विचारलं म्या.”

बहुतेक या उत्तरामुळे मैनाबाई थांबली. तेवढ्यात सलोनीच दारात आली. तिने डोक्यावरून ओढणी घेतली होती. चेहरा लाल होता आणि पापण्यांच्या वर थोडी सूज होती.

रंजिताने विचारलं, “बोटं कवापासून दुखतात तुही?”

“दिवाळीपासून. गोळा फेकते ना, त्यानं दुखतात.”

“दोनी हाताची?”

सलोनीने आपल्या हातांकडे पाहिलं. गोळा ती उजव्या हाताने फेकत होती. “दोनी,” ती म्हणाली.

“तोंडात फोड येतात?”

“येतात. पण दुखत नाई ते.” मग तिने हळूच विचारलं, “तुमाले कसं माहीत?”

रंजिताने मायलेकींना फोनवरची ती चित्रं दाखवली. दुसऱ्या दिवशी त्या तिघी राजकुमारच्या जीपने यवतमाळला गेल्या. त्वचारोगाच्या डॉक्टर साठीच्या आसपासच्या बाई होत्या. त्यांनी सलोनीला खिडकीशी उभं केलं, गाल पाहिले, बोटांची पेरं दाबली, तोंड उघडायला लावलं. रक्त आणि लघवी तपासायला पाठवली. चार दिवसांनी पुन्हा बोलावलं आणि तेव्हा सांगितलं, ल्यूपस आहे. कुणापासून लागलेला नाही, कुणाला लागणार नाही. शरीराने रोगाशी लढायचं, ते आपल्याच अवयवांशी लढायला लागतं. सांध्यांशी, कातडीशी, कधी मूत्रपिंडांशी. सलोनीच्या लघवीत प्रथिनं जायला नुकती सुरुवात झाली होती.

“म्हंजे किडनी?” मैनाबाईने विचारलं.

“वेळेत आल्या. गोळ्या सुरू करू, मोठ्या डॉक्टरांना दाखवू. पण गोळ्या सोडायच्या नाहीत. आणि ऊन टाळायचं.”

“याईच्या लाइटनं झालं ना हे?” मैनाबाईने रंजिताकडे बोट केलं.

डॉक्टरांनी रंजिताकडे पाहिलं. कोणतं मशीन, कोणता प्रकाश, किती मिनिटं, हे सगळं विचारून घेतलं. मग म्हणाल्या, “आजार आधीचा आहे. दिवाळीपासून सांधे दुखतात, तेव्हा कुठे होतं हे मशीन? चट्टा वाढला तो कशानं, ते मी सांगू शकत नाही. त्या प्रकाशानं थोडं झालं असेल, उन्हानं तर नक्कीच. काहींच्या त्वचेच्या सुजेवर त्या लाल प्रकाशाचा फायदा होतोही. पण न ओळखलेल्या चट्ट्यावर तो लावायचा नसतो. तुम्हाला हे कुणी शिकवलं नव्हतं?”

“नाही.”

“आता शिकल्या.”

त्यांच्या आवाजात राग नव्हता, दिलासाही नव्हता. त्यांनी पुढच्या पेशंटला बोलावलं.

परतताना सलोनीने एकच प्रश्न विचारला. तो तिने डॉक्टरांना विचारला नव्हता. “भरती कवा हाय माहीत हाय ना, आई?” मैनाबाई खिडकीबाहेर पाहत म्हणाली, “माहीत हाय.”

भरतीला ती गेली नाही. मे महिन्यात मैदानावरच्या इतर मुली जिल्ह्याच्या ठिकाणी गेल्या. त्यातल्या एकीची निवड झाली. सलोनीचा वेळ त्या मुलीपेक्षा कायम चांगला असायचा. गोळ्यांनी तिचं तोंड थोडं फुगलं, भूक वाढली. जूनपर्यंत बोटांची सूज गेली, ऑगस्टमध्ये लघवीचा अहवाल चांगला आला. चट्टा फिका होत होत गेला. नाकाच्या बाजूला जरासा काळपट डाग उरला.

रंजिताने मशीन विकलं नाही. ती अजून ते वापरते. मात्र खाटेवर निजवण्याआधी ती प्रत्येकीला नऊ प्रश्न विचारते. ते तिने त्या डॉक्टरांकडे एकटीने जाऊन लिहून आणले. कुणाचा चट्टा तिला ओळखू आला नाही तर ती सरळ नाही म्हणते. त्यामुळे काही बायका दुसऱ्या पार्लरला जाऊ लागल्या. तिथेही आता तसंच मशीन आहे आणि तिथे काही विचारत नाहीत. नागपूरच्या मॅडमना तिने फोन केला. त्यांनी ऐकून घेतलं आणि असं लाखात एखाद्याला होतं म्हणाल्या.

मैनाबाईने तिला माफ केलं की नाही, हे कधी कळलं नाही. बाजारात समोर आली तर ती मान हलवून पुढे जाते.

सलोनी मात्र सप्टेंबरमध्ये पार्लरला आली. संध्याकाळ होती, उन्हं उतरली होती. पूर्ण बाह्यांचा ड्रेस, चेहऱ्याभोवती ओढणी. खुर्चीत बसली, पण काय करायचं ते सांगितलं नाही.

“घरी म्हणून राह्यले की तलाठ्याच्या परीक्षेचा अभ्यास कर,” ती आरशात पाहत म्हणाली. “बसून करायची नोकरी.”

“मंग?”

“मले बसून करायची नोकरी नोको होती.”

सलोनीच्या आवाजात पहिल्यांदाच राग आला. “तुमी घरी नसत्या आल्या तर मी धावली असती, ताई. मे महिन्यात धावली असती मी. लागलीबी असती.”

“धावली असती,” रंजिता म्हणाली. “मंग पुढं काय झालं असतं, ते तुले डॉक्टरनं सांगतलं हाय.”

“हो. सांगतलं हाय.” सलोनीचे डोळे भरले, पण तिने ते पुसले नाहीत. “तरी मले तुमचा राग येते. रोज गोळी घेताना येते. तुमी चांगलंच केलं, हे माहीत असून येते.”

“येऊ दे,” रंजिता म्हणाली.

सलोनीने ओढणी सोडली आणि खुर्चीत मागे टेकली. भुवया फार वाढल्या होत्या. रंजिताने हात धुतले आणि दोरा घेतला. कातडी दुखते का, असं तिने आधी विचारलं. सलोनी नाही म्हणाली. तेव्हा तिने अगदी हलक्या हाताने डाव्या भुवईपासून सुरुवात केली.