मनुबाईचं पिंप

माणसानं अर्ध्या हळकुंडानं पिवळं होऊ नये म्हणतात. मी तर पाव हळकुंडानं झालो होतो.

साल अठ्ठ्याऐंशी. ठाण्याला खाडीकाठच्या कोळीवाड्यात मनुबाईच्या घराची मागची खोली मी भाड्यानं घेतली होती. नोकरी वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात. तिथे लोखंडी पाइपांवर, अँगलवर जस्ताचा थर चढवायचे. मी होतो डिस्पॅचला कारकून. तयार मालावर नंबर घालायचे आणि ट्रकवाल्याच्या हातात चलन द्यायचं, एवढंच काम. पण कोळीवाड्यात मी ‘गॅल्व्हनायझिंगमध्ये असतो’ एवढंच सांगायचो आणि भट्टी माझ्याच हुकमानं पेटते अशा थाटात मान हलवायचो.

मनुबाईच्या दाराशी जस्त चढवलेल्या पत्र्याचं पिंप होतं. वीस कळशा पाणी मावायचं. तिच्या मुलानं, नाथानं, ते लग्नाच्या वर्षी कल्याणहून टेम्पोत घालून आणलेलं. नळाला दिवसाआड पाणी, त्यामुळे घरात त्या पिंपाचा मान मोठा. त्याच्या बुडाशी बाहेरून चार तांबडे डाग पडले.

“महिपतभाऊ, तुमी तर जस्तवाले. बगा ना जरा,” मनुबाई म्हणाली.

कारखान्यात रोज बघायचो, गंजलेलं लोखंड अॅसिडच्या हौदात जातं आणि स्वच्छ होऊन बाहेर येतं. मग आणखी विचारायचं कुणाला? संडासाच्या अॅसिडच्या दोन बाटल्या आणल्या, काठीला चिंधी बांधली आणि पिंपाला बाहेरून वरपासून खालपर्यंत चोपडलं. डाग चारच, पण मला अख्खं पिंप उजळून दाखवायचं होतं. फेस आला, धूर आला. बायका नाकाला पदर लावून कौतुकानं बघत होत्या. डाग गेले. मी नुसता फुगलो.

तीन आठवड्यांत सगळं पिंप तांबडं झालं. बोट लावलं तर गंजाची पूड हाताला यायची.

मनुबाईला माझी शंकाही आली नाही. तिनं सुनेला, मालूला, धरलं.

“सुकटीचं खारं हात तसंच पिंपाला लावतेस! भाऊंनी येवढी मेहनत केली, न तू घालवलीस!”

“मी नाय लावलं हात, आये,” मालू म्हणाली. पण त्या तोंडापुढे तिचा काय टिकाव लागणार? मी माझ्या उंबऱ्यात कप घेऊन उभा होतो. दोन वाक्यांत मिटलं असतं. मी चहा संपवला आणि आत गेलो.

तिसऱ्या दिवशी मालू बोचकं घेऊन कोलशेतला माहेरी निघून गेली. आईपुढे बोलायची नाथाची रीत नव्हती.

शेवटी मी आमच्या फोरमनला, बाबुरावांना, विचारलं. ते कपाळाला हात लावून बसले.

“अरे शहाण्या, आपण अॅसिडमध्ये घालतो ते काळं लोखंड! जस्त चढायच्या आधी! चढलेल्या जस्तावर अॅसिड मारलंस म्हणजे तू ते पिंप सोललंस. गंज होता तेवढाच तारेच्या ब्रशानं घासायचा, धुऊन कोरडा करायचा आणि वर जस्ताचा रंग द्यायचा. तेवढं तरी विचारायचंस!”

रविवारी सकाळी ब्रश आणि रंगाचा डबा घेऊन मी मनुबाईपुढे उभा राहिलो. कान तापले होते. “मनुबाई, पिंप मी बिघडवलं. माझ्या अॅसिडनं. मालूचा काही दोष नाही, तिला घेऊन या.”

 तिनं डोळ्यांना पदर लावला. “भाऊ, परक्याच्या सुनेसाठी आळ अंगावर घेता? नाथ्या, जा रे, घेऊन ये तिला.”

“अहो, खरंच सांगतोय!”

“बरं बरं,” असं म्हणून ती चुलीकडे वळली.

दिवसभर मी पिंप घासलं. पत्रा उघडा होईपर्यंत घासलं, धुतलं, उन्हात वाळवलं आणि दुपारनंतर राखाडी रंगाचा पहिला हात दिला. तेवढ्यात नाथा मालूला घेऊन आला. ती थेट माझ्या पायाशी वाकली. मी मागे सरकलो, हातातला ब्रश अंगावर रंग उडवत खाली पडला.

“अगं, मी जस्ताचं काम करत नाही! मी कारकून आहे, नंबर लिहितो! मला यातलं काही कळत नाही. चूक माझी होती.”

नाथा हसला. मनुबाई म्हणाली, “बग, किती मोठं मन!”

आणि मालू, जिनं तेव्हा ‘मी नाय लावलं हात’ म्हटलं होतं, ती मान खाली घालून म्हणाली, “नाय भाऊ. माजाच हात लागला आसंल. माज्या ध्यानात नाय रायलं.”

तिसऱ्यांदा सांगायला हवं होतं. बाबुरावांना घरी आणून त्यांच्या तोंडून सांगायला हवं होतं. मी ब्रश उचलला आणि उरलेली बाजू रंगवायला लागलो. त्या वेळी मला हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याची मला अजून लाज वाटते.