किनारीजवळची खोट

पेटीची कडी खट्‌कन वाजली, तसं नथूबाबांनी मान वर केली. सकाळचे दहा वाजले होते. पूर्वी या वेळी ते मिलमध्ये असायचे. दोन वर्षांपूर्वी भोंगा बंद पडला आणि जुन्या इंदुरातल्या या दोन खोल्यांत कुणी मोठ्यानं बोलेनासंच झालं.

"मार्कशीट घेतली, बेटा?"

"घेतली, बाबा."

सासऱ्यांना धम्मदीना बाबाच म्हणायची. मार्कशीटची घडी तिनं उलगडून पुन्हा होती तशीच घातली. 'तृतीय श्रेणी' हे शब्द बरोबर घडीत यायचे. मुद्दाम केलं नव्हतं तिनं. पण घडी कधी बदललीही नव्हती. बी.कॉम.च्या शेवटच्या पेपरांना संबोधी सात महिन्यांची पोटात होती, बाकाला पोट टेकायचं. हे तिनं आजवर कुठल्याच मुलाखतीत सांगितलं नव्हतं. पाच वर्षांत सात ठिकाणं झाली. आता 'पंचावन्न टक्के लागतात, मॅडम' ऐकलं की तिला काही वाटतसुद्धा नसे. घरी येऊन ती कणीक मळायला घ्यायची.

शेजारच्या कमलताईनं परवाच विचारलं होतं, "क्यों धम्मा, डिग्री उन्हात तरी टाकतेस की नाही? कसर लागेल हां!" धम्मदीना हसली होती. हसणं तेवढं जमत होतं.

शहराबाहेर, राऊ गावाच्या रस्त्यावर नवा कारखाना निघाला होता. चादरी थेट परदेशात जायच्या. कपडा तपासायला माणसं हवी होती, ग्रॅज्युएट. जाहिरात बाबांनीच आणली. संबोधीला घेऊन लालबागेत फिरायला म्हणून गेले आणि येताना तो कागद घेऊन आले. त्याच संध्याकाळी त्यांनी घरातली चादर दारात उजेडासमोर धरली.

"डोळे मीट. कपडा डोळ्यांनी नंतर बघायचा, पहले उंगली. तुटला धागा बोटाला अडकतो."

सव्वीस वर्षं ते फोल्डिंग खात्यात चेकर होते. खोट सापडली की कपडा कापायचा नाही, समोरच्या किनारीत लाल दोरा बांधून पुढे जायचं. आठवडाभर घरातल्या चादरी, पडदे, तिची लग्नातली साडीसुद्धा, सगळ्यांना लाल दोरे लागले.

कारखान्यात मुलाखतीला शरच्चंद्रजी म्हणून मॅनेजर होते. त्यांनी मार्कशीटची घडी सरळ केली.

"थर्ड?"

"हो."

"चालेल. रिपोर्ट इंग्लिशमध्ये लिहायचे असतात, बाहेर जातात. लिहाल ना?"

"लिहीन."

त्यांनी टेबलावर कापडाचं एक थान उलगडलं, निळ्या पट्ट्यांचं. तिनं डोळे मिटले. बोटं सरकत राहिली, अडली, पुन्हा सरकली. पर्समधल्या लाल दोऱ्यानं तिनं चार गाठी मारल्या.

शरच्चंद्रजी खुर्चीत पुढे सरकले. "कमाल आहे! मागच्या आठवड्यात मिलचे एक म्हातारेबुवा आले होते, त्यांनीही असेच आधी डोळे मिटले. नातीचं बोट धरून आले होते हो. हाथ क्या था उनका! पण आठवी पास. काय करणार? मालकांना ग्रॅज्युएटच हवा." ते हसले. "तुम्ही कुठे शिकलात?"

ते माझे सासरे, एवढंच म्हणायचं होतं. त्यांनाही घ्या, रिपोर्ट मी लिहीन, असंही म्हणता आलं असतं. पण साहेबांच्या हातातलं पेन अर्जावर टेकलं होतं. ते उचललं गेलं तर?

"घरीच," ती म्हणाली.

पेन चाललं. सोमवारपासून या, म्हणाले. बसमध्ये खिडकीशी बसून तिनं आनंद होण्याची वाट पाहिली. राजवाडा आला, उतरली.

बाबा दारातच बसले होते. मांडीवर संबोधी.

"मिळालं," तिनं सांगितलं.

"वा रे पठ्ठी!" त्यांनी तोंडभर हसून तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग हळूच विचारलं, "निळ्या पट्ट्यांचं थान होतं ना? किती काढल्यास?"

पट्ट्यांचं तिनं काही सांगितलंच नव्हतं. लालबागेचं नाव कुणीच काढलं नाही.

"चार," ती म्हणाली.

"एक सुटली. किनारीजवळ होती. असू दे, हात बसेल." ते उठले. "चहा ठेवतो मी. आज तू बस."

ते आत गेले. स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज येऊ लागला. संबोधीनं आईच्या पदराचं टोक घेऊन त्यावर बोट फिरवलं, अगदी आजोबांसारखे डोळे मिटून.

"आई, आबांनी तर पाच काढल्या होत्या, मी मोजल्या. तू चारच काढल्यास. मग काम तुला कसं दिलं?"