गुलाबातली तार

"केकवरचं गमपेस्टचं साखरफूल वाळलं की काचेसारखं कडक होतं, शिवाय आत तार असते. घरात लेकरू आहे ना? फॉन्डंटचीच मऊ फुलं कर," केक शिकवणाऱ्या मावशींनी बजावलं होतं. मी हसण्यावारी नेलं. मला खऱ्यासारखा गुलाब हवा होता.

लेकीच्या पहिल्या वाढदिवसाला मी सगळ्यांना सांगितलं, फुलं नुसती शोभेची आहेत. तरी माझी पाठ वळताच नणंदेने केकवरचा गुलाब उपटून लेकीच्या हातात दिला आणि तिने तो तोंडात घातला.

"ताई, त्यात तार आहे!"

"अगं, साखरच तर आहे. तुझं आपलं उठसूट काहीतरी!"

मी लेकीच्या तोंडात बोट घातलं. पाकळ्यांच्या चुऱ्याबरोबर तार निघाली, टोकाला रक्त होतं.

"निघाली ना? मग कशाला बाऊ करतेस?" ताई केक खातच होत्या. मी त्यांच्या हातातली बशी हिसकावली.

सगळे म्हणाले, सून भांडखोर निघाली. निघू दे! माझ्या तळहातावरची तार बघायला एकजणही पुढे आला नाही.

तुमच्याकडे आज केक कापला असेल, तर तुमचं धाकटं काय चघळतंय ते आधी बघून या.