पहिला काप पुरुषाचा

कार्तिकातली सकाळ. कृष्णेवरचं धुकं अजून पुरतं उठलेलं नाही, घाटाच्या पायऱ्या दवानं ओल्या, आणि पूर्वेकडून येणारं ऊन कोवळं, ताम्रवर्ण, आळसावलेलं. ते आधी देवळाच्या कळसावर टेकतं, मग वडाच्या शेंड्यावर, मग कौलांवरून घसरत घसरत तांबट आळीत उतरतं. इथं आल्यावर मात्र त्याचा तोरा चालत नाही. दारोदारी घागरी मांडलेल्या असतात, आणि एकेक घागर त्याच्यापेक्षा झळझळीत असते.

एरवी या वेळी आळी ठोक्यांनी दुमदुमते. हातोडीमागून हातोडी, नादामागून नाद, भिंतीवरून भिंतीवर आपटणारा, कानांचे पडदे हलवणारा, तरीही इथल्या तान्ह्या पोरांना गाढ झोपवणारा. आज मात्र आळी निःशब्द. आज आठवडी बाजार. पुरुषमाणसं झाडून सारी घागरी, बंब, पातेली टेम्पोत घालून पहाटेच तालुक्याला गेलेली.

एकच हातोडी वाजते आहे. मंद, विलंबित, मध्येच श्वास घ्यायला थांबणारी. ती सारंगची.

सारंग तांबट. श्यामवर्ण, रुंद खांद्यांचा, दाट काळ्या दाढीचा. घागरीवर मठाराची नक्षी उठवावी तर त्यानंच, कपाळावरच्या चंद्रकोरीएवढे ठोके, एकाशेजारी एक, एकही चुकलेला नाही. आणि त्याच्या सैल सदऱ्याखाली सातव्या महिन्याचं पोट. हो, पोटच. पुन्हा वाचायचं कारण नाही, बरोबर वाचलंत.

जन्मानं तो याच आळीतला. पाळण्यात ठेवलेलं नाव निराळं होतं, ते इथं सांगायची गरज नाही. त्यानंही ते केव्हाच नदीला वाहिलं. वडील गेल्यावर त्यानं हातोडी उचलली, केस कापले, पुण्याच्या दवाखान्यातून इंजेक्शनं घेऊन दाढी आणली, आणि अंगणवाडीत शिकवणाऱ्या कुंदाशी संसार थाटला. आळी आधी हसली, मग चिडली, मग कंटाळली. कंटाळलेली आळी फार गुणी असते. हळूहळू तिनं त्याला सारंगदादा म्हणायला सुरुवात केली.

पुढं गाठी झाल्या म्हणून कुंदाची पिशवी काढावी लागली. ती रडली, रडून रडून आटली, आणि एका संध्याकाळी रिकाम्या पाळण्यागत नुसतीच बसून राहिली. तेव्हा चुलीपाशी हात शेकत सारंग म्हणाला, "माझी आहे की."

एवढंच म्हणाला. मग पुण्याचे हेलपाटे, डॉक्टरांची सुई, इंजेक्शनं बंद, दाढी तशीच, आणि श्रावण सरता सरता सदरा पुढून उचलला जाऊ लागला.

अहाहा, काय सांगावं त्या कुतूहलाचं. आळीला कुतूहल फार. नदीला पूर आला तर पाणी पायरीपायरीनं चढतं, इथं नवल उंबऱ्याउंबऱ्यानं चढलं. वरच्या आळीतल्या बायका कल्हईचं निमित्त करून यायच्या, भांडं दाखवायच्या आणि बघायच्या पोटाकडं. कुणी म्हणालं, कलियुग. कुणी म्हणालं, देवाची लीला. ज्यांना दोन्ही पटेना त्यांनी नुसतं तोंडात बोट घातलं. निवृत्त गुरुजींनी पारावर बसून सांगितलं की समुद्रघोडा नावाचा एक जीव असतो, त्यात नरच पिल्लं वाढवतो. त्यावर एका आजीनं विचारलं, "मग तो टांग्याला कसा जुंपतात?" गुरुजी उठून गेले.

कुणीतरी फोटो काढला. तो मोबाइलवरून तालुकाभर फिरला. ज्यांनी आयुष्यात त्याला पाहिलं नव्हतं त्यांनी त्याला शिव्या दिल्या, ज्यांनी पाहिलं नव्हतं त्यांनीच हात जोडले. उचलली जीभ, लावली टाळ्याला. सारंगनं दोन्हींतलं काहीच वाचलं नाही. कुंदानं दोन्ही वाचलं आणि मोबाइल पिठाच्या डब्यात ठेवून दिला.

आणि आळीतले प्रश्न तर विचारूच नका. कळा आल्या तर दाढीवाल्या माणसाला सुईण हात लावेल का? पोर त्याला काय म्हणेल? तू आई होणार का बाप? या शेवटच्या प्रश्नाला तेवढं तो उत्तर द्यायचा. "बाप," म्हणायचा आणि ठोका घालायचा.

खरं सांगू का? त्याला कळांची भीती नव्हती, शिव्यांची नव्हती, पोराचीही नव्हती. भीती एकाच गोष्टीची होती. ज्या आळीनं इतक्या वर्षांनी त्याला आपल्यातला पुरुष म्हणून मोजलं, ती आळी एका पोटापायी ते मोजणं मागे घेईल. आणि तशी चिन्हं दिसू लागली होती. 'दादा' ही हाक बायकांच्या ओठांशी येऊन अडखळायची. "अहो," म्हणायच्या, "ऐकलंत का," म्हणायच्या, काही म्हणायचंच टाळायच्या. आज पहाटे टेम्पो भरला तेव्हा पुरुषांनीही त्याला हाक घातली नाही. "तू राहा घरी, बायका आहेतच," एवढं म्हणून टेम्पो गेला. काळजीनंच म्हणाले असतील. पण काळीज चिरत गेलं ते वाक्य.

आणि आळीतली एक जीभ तर अजून हललीच नव्हती. द्वारकाकाकूची. पंचाहत्तरी ओलांडलेली, कृश, ताठ, शुभ्रकेशी द्वारकाकाकू म्हणजे आळीचं चालतंबोलतं शास्त्र. कुठल्या वाराला नखं काढायची नाहीत, कुठल्या तिथीला केरसुणी धरायची नाही, तिला विचारावं. तिनं सारंगच्या पोटाकडं एकदाच पाहिलं होतं, आणि पदर खांद्यावर ओढून घेत निघून गेली होती. ती काय म्हणेल, यावर आळीचा निम्मा निकाल टांगलेला होता.

तर त्या सकाळी, कुंदा अंगणवाडीत गेल्यावर, शेजारची पमावहिनी कुंपणापाशी आली. गोल चेहऱ्याची, घोळदार बोलण्याची, पोटात काही न राहणारी पमावहिनी. बराच वेळ ती ठोके ऐकत उभी राहिली. मग तिनं विचारलं, आणि नवल म्हणजे तिनं जे विचारलं ते आजवर कुणीच विचारलं नव्हतं.

"काय खावंसं वाटतंय?"

हातोडी थांबली. सारंगनं मान वर केली. दाढीआड काहीतरी हललं.

"भोपळ्याचे घारगे," तो म्हणाला, आणि लाजला.

झालं. नवल ते नवल, पण डोहाळे ते डोहाळे. डोहाळे पुरवले नाहीत तर पोराची लाळ गळते, हे तर शेंबडं पोरही सांगेल. पमावहिनीनं पदर खोचला. एका घरातून गूळ निघाला, एका घरातून कणीक, एका घरातून तुपाची बरणी, आणि कुणाच्या तरी माळ्यावरून उतरला एक भोपळा. केवढा. गेरूच्या रंगाचा, शिरा उमटलेला, चांगला रुबाबदार, पाटावर बसवला तर यजमानच वाटावा असा. सारंगच्या अंगणात बायकांचं रिंगण जमलं. वेलदोडे कुटले गेले, किसणी आली, परात आली, सुरी आली.

सुरी आली, आणि साऱ्याजणी थांबल्या.

आमच्याकडं अख्ख्या भोपळ्याला बाई सुरी लावत नाही. पहिला काप पुरुषाचा. मग बाईनं त्याच्या हव्या तेवढ्या फोडी कराव्यात. का, ते कुणाला ठाऊक नाही. सासूनं सांगितलं, तिला तिच्या सासूनं. म्हणून भोपळा आणला की बायका दारात उभ्या राहून जाणाऱ्या-येणाऱ्या कुठल्याही पुरुषाला हाक घालतात. मागं एकदा पमावहिनीनं सारंगला अशीच हाक घातली होती, घाईत, विचार न करता, "दादा, एवढा चिरून द्या." त्यानं दिला. घरी येऊन त्या दिवशी दोन भाकऱ्या जास्त जेवला.

आज आळीत पुरुष नाही. नाही म्हणजे, आहे. एक आहे. समोरच बसला आहे. आणि पोटुशीनं तर भोपळा चिरूच नये, कुणी चिरत असेल तर तिकडं बघूही नये, पोटातल्या जिवाला इजा होते, हा दुसरा दंडक.

आता आली का पंचाईत? बायका भोपळ्याकडं बघतात, भोपळ्याकडून सारंगकडं, सारंगच्या दाढीकडं, दाढीखाली पोटाकडं, आणि परत भोपळ्याकडं. कुणी म्हणालं, बाजारातून माणसं येईपर्यंत थांबू. कुणी म्हणालं, वरच्या आळीतून कुणाला तरी बोलवा, एखादा पुरुष असेल. ती बोलली आणि तिला तिचंच बोलणं टोचलं, पण निघालेला शब्द परत घशात जात नाही.

सारंगनं सुरीकडं हात नेला नाही, मागेही घेतला नाही. मांडीवर तो हात उपडा पडून राहिला, ठोके घालून घालून घट्टे पडलेला, रुंद, सावळा, निरुपयोगी. वरच्या आळीतला कुणी येऊन भोपळा चिरून गेला की संपलं, हे त्याला कळत होतं. मग तो या रिंगणातलाच एक. माया मिळेल, घारगे मिळतील, ओटीसुद्धा भरतील. फक्त पुरुष म्हणून कुणी मोजणार नाही.

"काकूंना विचारू," पमावहिनी हळूच म्हणाली.

विचारायला जावं लागलं नाही. फाटकाशी द्वारकाकाकू उभी होती. केव्हापासून, देव जाणे. तिनं भोपळा पाहिला, सुरी पाहिली, बायकांचे पडलेले चेहरे पाहिले, आणि चपला काढून सरळ आत आली. रिंगण आपोआप फाकलं. सारंगच्या पोटात पोर वळलं, की भीती वळली, त्याचं त्यालाच कळेना.

"कशाला थांबलाय?" काकूनं विचारलं.

पमावहिनीनं चाचरत दोन्ही दंडक सांगितले, जसे काही ते काकूला माहीतच नव्हते.

"मग?" काकू म्हणाली. "दोन्ही पाळायचे. भोपळा पुरुषानं चिरायचा, पोटुशीनं बघायचा नाही. यात अडलं कुठं?"

कुणालाच समजलं नाही. काकूनं खाली वाकून सुरी उचलली, पदरानं पुसली आणि सारंगच्या उपड्या हाताखाली सारली. मग त्याच्यामागं गेली. गुडघे कुरकुरत होते तरी बसली. आणि आयुष्यभर चिंचेनं तांब्याची भांडी घासून घासून खरखरीत झालेला, किंचित आंबट वासाचा आपला तळवा तिनं मागून त्याच्या दोन्ही डोळ्यांवर ठेवला.

"चालव," ती म्हणाली.

सारंगच्या डाव्या हातानं भोपळा चाचपला, एक शीर शोधली. उजव्या हातानं सुरी टेकवली. साल कठीण होती, तिनं अंमळ आढेवेढे घेतले, मग करकरली, मग एकदम वाट दिली. भोपळा दुभंगला. आत केशरी, ओलंगच्च, बियांनी लगडलेलं, इतकं केशरी की बघणाऱ्या बायकांचे चेहरेही उजळले. बायकांनी पाहिलं. त्यानं नाही पाहिलं. त्याला फक्त वास आला, कच्चा, गोडसर, पाण्याचा.

आणि मग अंगण जिवंत झालं. पमावहिनीनं एक फाक ओढली, दुसरीनं दुसरी, किसणी खसखसू लागली, गूळ फुटू लागला. "दादा, जरा पाय सरकवा, परात ठेवायचीय," कुणीतरी म्हणालं, कामाच्या नादात, सहज, रोजच्यासारखं.

काकूचा हात मात्र डोळ्यांवर तसाच होता.

"झालं की काकू चिरून," पमावहिनी म्हणाली. "काढा आता हात."

काकूच्या तळव्याला ओल लागली होती. आधी बोटांच्या पेरांत, मग मनगटापर्यंत, मग काकणाखाली. तिनं चेहऱ्यावरची रेघ हलू दिली नाही.

"अजून बिया काढायच्यात," ती म्हणाली. "त्याही बघायच्या नसतात."

असा दंडक आळीत कधीच नव्हता. कुणाच्या सासूनं सांगितलेला नव्हता, तिच्या सासूनंही नाही. पण द्वारकाकाकूनं सांगितलं म्हटल्यावर विचारणार कोण? बायका माना खाली घालून किसत राहिल्या. बिया निघाल्या, धुतल्या गेल्या, सुपात पसरल्या गेल्या. कढईत तूप तापलं, पहिला घारगा टम्म फुगला, दुसरा फुगला, तिसरा फुगला. आणि तो म्हातारा, आंबट वासाचा, भिजलेला तळवा जिथल्या तिथं राहिला; आणि त्याच्या आड, आळीतल्या कुणाला न दिसता, एक बाप्या माणूस पोटभर रडत राहिला.